सिंगापूर, दुबई आणि पुन्हा सिंगापूर: क्वांटासच्या लंडन विमानाचा थांबा

३१ मार्च २०१३ पासून सिडनीहून लंडनला जाणारं, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचं विमान सिंगापूरऐवजी दुबईला थांबू लागलं. पाच वर्षांनी, २५ मार्च २०१८ पासून, ते पुन्हा सिंगापूरला थांबू लागलं. दोन्ही तारखा मार्चमधल्या शेवटच्या रविवारच्या आहेत आणि हा योगायोग नव्हे. जगभरातल्या विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक त्याच दिवशी सुरू होतं. लंडनच्या हीथ्रोसारख्या भरलेल्या विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या वेळा, म्हणजे स्लॉट, याच हंगामाच्या हिशेबाने वाटले जातात. थांबा बदलायचा तर तो याच दिवशी बदलणं सोयीचं असतं.

एका कंपनीने आपल्या सगळ्यात जुन्या आणि मानाच्या मार्गावर हा बदल दोनदा का केला? २०१३ मध्ये अनेकांनी याकडे क्वांटासची शरणागती म्हणून पाहिलं होतं. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो. पण त्याची किंमत कोणी मोजली, हे नीट तपासायला हवं. त्यासाठी नकाशापेक्षा दोन गोष्टी जास्त उपयोगी पडतात: विमान कुठल्या घटकेला कुठे उभं असतं, आणि मधला विमानतळ कोणाच्या हातात आहे.

मार्ग आणि अंतर

ऑस्ट्रेलिया–लंडन मार्गाला 'कांगारू रूट' म्हणतात. क्वांटासने आपल्या बळावर सिडनी ते लंडन सेवा सुरू केली ती १ डिसेंबर १९४७ रोजी. लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान, २९ प्रवासी, ११ कर्मचारी आणि चार दिवसांचा प्रवास. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत ते विमान लंडनला पोहोचायचं. त्यानंतर सहाच महिन्यांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर-इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. तेही कॉन्स्टेलेशनच. त्या काळी थांबा म्हणजे नाइलाज होता. टाकीत मावेल तेवढ्या इंधनावर जिथवर जाता येईल तिथे उतरायचं.

विमानांचा पल्ला वाढत गेला तसे थांबे गळत गेले. ऑगस्ट १९८९ मध्ये क्वांटासने आपलं पहिलं बोइंग ७४७-४०० लंडनहून सिडनीला एका दमात नेलं, २० तास ९ मिनिटांत. पण ते विमान ताब्यात घेतल्यानंतरचं खास उड्डाण होतं, जवळपास रिकामं. तिकीट काढलेले प्रवासी आणि माल भरून तसं उडणं शक्य नव्हतं. म्हणून पुढची जवळजवळ तीस वर्षं एक थांबा उरला. आणि एकच थांबा उरल्यावर तो कुठे घ्यायचा, हे पहिल्यांदाच कंपनीला ठरवता येऊ लागलं.

सिडनी ते लंडन सरळ अंतर साधारण १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे गेलं तर आधी सुमारे ६,३०० आणि मग १०,९००. दुबईमार्गे आधी सुमारे १२,००० आणि मग ५,५००. एकूण फरक तीन-चारशे किलोमीटरचा, म्हणजे अर्ध्या तासाहूनही कमी. अंतराच्या कसोटीवर दोन्ही शहरं जवळपास सारखीच ठरतात.

मधला विमानतळ कोणाचा

आंतरराष्ट्रीय विमानसेवा १९४४ च्या शिकागो परिषदेनंतर उभ्या राहिलेल्या देशा-देशांमधल्या करारांवर चालते. या करारांत हक्कांची एक चढती यादी असते आणि त्यांना 'हवाई स्वातंत्र्य' म्हणतात. तिसरं आणि चौथं स्वातंत्र्य म्हणजे आपल्या देशातून परक्या देशात आणि तिथून परत प्रवासी नेणं. पाचवं म्हणजे परक्या देशात थांबून तिथले प्रवासी घेऊन आणखी तिसऱ्या देशात जाणं. क्वांटास सिंगापूर–लंडन हे तिकीट विकते ते याच जोरावर.

सहावं स्वातंत्र्य मात्र खेळ बदलून टाकतं. एमिरेट्स सिडनीचा प्रवासी दुबईला आणते आणि दुबईहून मँचेस्टरला नेते. कागदोपत्री ही दोन साधी उड्डाणं आहेत, दोन्ही तिच्या घरातून निघणारी किंवा घरी येणारी. प्रत्यक्षात ती ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्यातली वाहतूक करते, आणि तिचं घर या दोन्हींतल्या एकाही देशात नाही.

इथे दोन प्रकारच्या कंपन्या समोरासमोर येतात. क्वांटास आणि ब्रिटिश एअरवेज या टोकाच्या कंपन्या. सिंगापूर एअरलाइन्स, एमिरेट्स, कतार एअरवेज, कॅथे पॅसिफिक या मधल्या. समजा मधल्या कंपनीची वीस विमानं दोन तासांच्या अवधीत एका विमानतळावर उतरली आणि पुढच्या दोन तासांत वीस विमानं उडाली, तर ती ४०० शहर-जोड्या विकू शकते. टोकाच्या कंपनीचं एक विमान मधे थांबतं, तेव्हा ती सिडनी–सिंगापूर, सिंगापूर–लंडन आणि सिडनी–लंडन एवढ्याच तीन जोड्या विकते. ब्रिस्बेनच्या माणसाला मँचेस्टरला जायचं असेल, तर एमिरेट्सने त्याचं एकदा विमान बदलून काम होतं. क्वांटासने जायचं तर लंडनला उतरून पुन्हा दुसऱ्या कंपनीचं विमान धरावं लागायचं.

१९९५ पासून क्वांटास आणि ब्रिटिश एअरवेज यांनी या मार्गावर भाडी आणि वेळा एकत्र ठरवण्याचा करार केला होता. तो जवळजवळ अठरा वर्षं चालला. एका अर्थाने दोन्ही टोकं एकत्र आली. पण दोन टोकं जोडली म्हणून मधला भाग आपला होत नाही, आणि गर्दी तर मधल्या भागातून सुटणाऱ्या शंभर वाटांवर होती.

एमिरेट्सचा जन्म आपल्या अगदी जवळचा आहे. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी पाकिस्तान इंटरनॅशनलकडून भाड्याने घेतलेल्या विमानांवर तिची पहिली उड्डाणं सुरू झाली, ती कराची आणि मुंबईसाठी. १९९६ मध्ये ती ऑस्ट्रेलियात पोहोचली. मुंबई-पुण्याच्या ज्या घरांत लंडन किंवा न्यूयॉर्कचं तिकीट म्हणजे दुबईमार्गेच हे ठरून गेलंय, त्यांना हा धंदा समजावून सांगायची गरज नाही. सिडनीच्या प्रवाशाने नेमकं तेच केलं.

तीन विमानं, बहात्तर तास

आता घड्याळ. या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच आहे, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

सिडनीच्या विमानतळावर रात्री अकरा ते सकाळी सहा कर्फ्यू असतो, म्हणजे विमानं उतरायला-उडायला बंदी. तो १९९५ च्या कायद्याने बांधलेला आहे आणि त्यातून सवलत क्वचितच मिळते. हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेत वर्षभरात ठरावीक मर्यादेतच विमानं उतरू-उडू शकतात. म्हणजे प्रवासाच्या दोन्ही टोकांना रात्री दार बंद. त्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांमधला फरक वर्षभर एकसारखा नसतो. सिडनीत उन्हाळा असताना तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, त्याच काळात लंडनची मागे आलेली असतात, म्हणून फरक ११ तासांचा होतो. उलट ऋतूत तो ९ तासांवर येतो. मधल्या काही आठवड्यांत १० असतो. वेळापत्रक बसवणाऱ्याला प्रत्येक वेळी हे दोन तास कुठेतरी जिरवावे लागतात, कर्फ्यूला धक्का न लावता.

आता एक फेरी मांडून बघू. आकडे ढोबळ आहेत. विमान सिडनीहून दुपारी चारला निघालं. आठ तासांनी सिंगापूर, तिथे रात्रीचे नऊ-दहा. दीड तास थांबा. मग चौदा तास उड्डाण आणि सकाळी सहाच्या सुमारास हीथ्रो. प्रवाशाला हे सोयीचं: उतरला की अख्खा दिवस हातात. पण विमान? ते दिवसभर हीथ्रोवर उभं राहतं आणि रात्री नऊच्या सुमारास परत निघतं. तेरा तासांनी सिंगापूर, दीड-दोन तास थांबा, आठ तासांनी सिडनी. कर्फ्यू उठता उठता, सकाळी सहाच्या आसपास, ते टेकतं. पुढची फेरी पुन्हा दुपारी चारला.

आपल्याकडे एसटीची मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. तिचा तो थांबा कामाचाच असतो, कारण तालुक्याला सकाळी पोहोचणारा माणूस त्यावरच अवलंबून असतो. हीथ्रोवरचा मुक्काम मात्र दिवसाढवळ्या आणि जगातल्या सगळ्यात टंचाईच्या विमानतळांपैकी एकावर.

हिशेब असा: पहिल्या दिवशी दुपारी चार ते चौथ्या दिवशी दुपारी चार, म्हणजे ७२ तास. रोज एक उड्डाण द्यायचं तर तीन विमानं गुंतली. त्या ७२ तासांत एक विमान हवेत असतं साधारण ४३ तास. बाकीचे उभं. क्वांटासकडे एअरबसची दुमजली विमानं, ए-३८०, एकूण बारा होती. सिडनीहून लंडनला रोज एक आणि मेलबर्नहून रोज एक असं दोन्ही चालवायचं, तर त्यांतली निम्मी तिथेच अडकतात.

वाचणाऱ्याला वाटेल, मग सकाळी सहाला उतरलेलं विमान नऊला परत का काढत नाहीत? काढलं तर ते सिडनीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास पोहोचतं, आणि त्या दिवसाचं लंडनचं विमान दोन तास आधीच गेलेलं असतं. मग ते रात्रभर सिडनीत उभं. विमानं तीनच लागली, मुक्काम तेवढा लंडनऐवजी सिडनीत पडला. शिवाय रात्री नऊच्या विमानाला युरोपभरातून दिवसभर येणारे प्रवासी मिळतात आणि सकाळी सहाला सिडनीत उतरलेल्यांना देशांतर्गत पुढची विमानं. सकाळी नऊचं विमान हे दोन्ही गमावतं.

एमिरेट्सलाही असाच प्रश्न होता, उलट्या टोकाला. तिची काही विमानं सकाळी सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनला उतरायची आणि रात्री दुबईला निघायची. मधला दिवस मोकळा. तिने तो रिकामा ठेवला नाही. तीच विमानं ती न्यूझीलंडला, ऑकलंड किंवा क्राइस्टचर्चला, नेऊन संध्याकाळपर्यंत परत आणायची. विमान तसंही उभंच राहणार होतं, म्हणून त्या फेरीचा खर्च फक्त इंधन, क्रू आणि विमानतळाचं शुल्क एवढाच. तीन-साडेतीन तासांच्या मार्गावर ए-३८० आणि भाडं मात्र स्थानिक कंपन्यांच्या तोडीस तोड. हीथ्रोहून दिवसभरात कुठे जाऊन यायचा हक्क क्वांटासला असा सहज मिळणारा नव्हता.

२०१२ चा निर्णय

ऑगस्ट २०११ मध्ये क्वांटासचे मुख्य कार्यकारी अधिकारी ॲलन जॉइस यांनी जाहीरपणे मान्य केलं की ऑस्ट्रेलियाबाहेर जाणाऱ्या शंभरांपैकी ८२ प्रवासी इतर कंपन्यांनी जातात. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी कामगार संघटनांशी भांडण इतकं विकोपाला गेलं की जॉइस यांनी सगळी विमानं जमिनीवर आणली. मार्च २०१२ मध्ये बँकॉकहून आणि हाँगकाँगहून पुढे लंडनला जाणं बंद झालं. लंडनसाठी उरलं ते फक्त सिंगापूर. ऑगस्ट २०१२ मध्ये ताळेबंद आला: २४४ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरचा तोटा, १९९५ मध्ये कंपनी खासगी झाल्यापासूनचा पहिला वार्षिक तोटा. एकट्या आंतरराष्ट्रीय विभागाचा तोटा ४५० दशलक्ष होता. देशांतर्गत नफा ते भोक बुजवत होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये एमिरेट्सबरोबर दहा वर्षांचा करार जाहीर झाला. ब्रिटिश एअरवेजशी असलेला संसार मोडला. क्वांटासची दोन्ही लंडन उड्डाणं दुबईमार्गे वळवायची, आणि दुबईहून पुढे युरोपातल्या तीसहून अधिक शहरांना एमिरेट्सच्या विमानावर क्वांटासचा कोड, म्हणजे उड्डाण क्रमांक, लावून तिकीट विकायचं. सिंगापूरमार्गे जाणारं क्वांटासचं फ्रँकफर्टचं विमान बंद. म्हणजे युरोपात क्वांटासच्या स्वतःच्या विमानाला एकच दार उरलं, ते हीथ्रोचं.

कराराचा दुसरा भाग बातम्यांत मागे पडला, पण वेळापत्रकाच्या दृष्टीने मी तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा धरतो. जोवर सिंगापूरचं विमान पुढे लंडनला जात होतं, तोवर त्याची वेळ लंडनमधली पहाट ठरवत होती. सिडनीहून दुपारी उशिरा निघा, सिंगापूरला रात्री पोहोचा. सिंगापूरला कामासाठी जाणाऱ्या व्यापाऱ्याला, किंवा तिथून त्याच दिवशी आशियातल्या दुसऱ्या शहरात जाऊ पाहणाऱ्याला ही वेळ निरुपयोगी. लंडनची साखळी तुटली तशा क्वांटासने आशियातल्या उड्डाणांच्या वेळा आशियाच्या प्रवाशाला धरून लावल्या, म्हणजे उतरल्यावर त्याच दिवशी पुढचं विमान मिळेल. थांबा दुबईला गेला, म्हणून सिंगापूरचा मार्ग पहिल्यांदा सिंगापूरसाठी चालू लागला.

स्पर्धा आयोगाने काय पाहिलं

दोन प्रतिस्पर्धी कंपन्या भाडी आणि वेळा मिळून ठरवणार असतील, तर ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने तो संगनमताचाच प्रकार. म्हणून एसीसीसी, म्हणजे तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाची आगाऊ परवानगी लागते. आयोगाने ती मार्च २०१३ च्या शेवटी दिली, पण मागितलेल्या दहाऐवजी पाच वर्षांसाठी.

लंडनच्या मार्गावर आयोगाला फारशी भीती वाटली नाही. सिंगापूर एअरलाइन्स, कॅथे, एतिहाद, मलेशिया असे मधल्या शहरांचे बरेच खेळाडू तिथे होते. भीती वाटली ती ऑस्ट्रेलिया–न्यूझीलंड मार्गांवर. वर सांगितलेली ती दिवसाची फेरी! एमिरेट्स तिथे क्वांटासशी स्पर्धा करत होती. आता दोघी मिळून आसनं कमी करतील आणि भाडी चढतील. म्हणून सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेनहून ऑकलंड, आणि सिडनीहून क्राइस्टचर्च, या चार मार्गांवर आसनसंख्या घटवायची नाही अशी अट घातली गेली. हीथ्रो आणि दुबई यांच्याविषयीचा करार, आणि अट कुठे, तर तिथून हजारो किलोमीटर दूर टास्मान समुद्रावर. विमान रिकामं उभं राहण्याचा प्रश्न आणि प्रवाशाच्या भाड्याचा प्रश्न एकच असतो, हे या अटीइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

पुढे काय झालं तेही सांगतो. मोठ्या पल्ल्याची विमानं आल्यावर मार्च २०१६ मध्ये एमिरेट्सने दुबई–ऑकलंड थेट सुरू केलं, आणि २०१८ मध्ये मेलबर्न आणि ब्रिस्बेनहून ऑकलंडच्या फेऱ्या बंद केल्या.

पाच वर्षांत काय मिळालं

प्रवाशाला पुष्कळ मिळालं. एका तिकिटावर, एकाच ठिकाणी विमान बदलून, क्वांटासचे पॉइंट मिळवत मँचेस्टर, मिलान, प्राग गाठता येऊ लागलं. दुबईला कर्फ्यू नाही. मध्यरात्री विमान उतरलं तरी पुढची विमानं तयार असायची.

कंपनीचं चित्र गुंतागुंतीचं आहे. २०१३-१४ मध्ये क्वांटासने २.८ अब्ज डॉलरहून अधिक तोटा दाखवला. त्यातला बराचसा आंतरराष्ट्रीय ताफ्याची कागदावरची किंमत कमी केल्यामुळे होता. पुढच्याच वर्षी ती नफ्यात आली. हजारो नोकऱ्या गेल्या होत्या आणि तेलही स्वस्त झालं होतं, त्यामुळे सगळं श्रेय दुबईला देणं चूक ठरेल. पण युरोपातल्या तीस शहरांना स्वतः विमानं न पाठवता ती विकता आली, आणि तो वेळ व पैसा जुन्या विमानांच्या जागी नवी आणण्याकडे वळवता आला, हे निश्चित. क्वांटासने दुबईत हब, म्हणजे प्रवाशांनी विमान बदलायचं मधलं केंद्र, भाड्याने घेतला, असं मी म्हणेन. स्वतःचा हब उभारायला ऑस्ट्रेलिया नकाशावर चुकीच्या जागी आहे. तिथून पुढे कोणी कुठे जात नाही, न्यूझीलंड सोडलं तर.

खटकणाऱ्या गोष्टीही होत्या. सिडनी–दुबई हा टप्पा चौदा तासांचा आणि दुबई–लंडन सातचा, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात जेवण उरकून डोळा लागतो न लागतो तोच उतरायची वेळ. आणि दुबई–लंडनवर एमिरेट्सची स्वतःची दिवसभर ए-३८० धावत होती. तिथे क्वांटासचं ए-३८० रिकामी आसनं स्थानिक प्रवाशाला विकणार तरी कशी? सिंगापूर–लंडनवर तिला निदान स्वतःचं जुनं गिऱ्हाईक होतं. त्याच वर्षांत सिडनी–सिंगापूर मार्गावरची मागणी वाढत गेली आणि तिथे क्वांटासची लहान विमानं, ए-३३०, उडत होती. ४८४ आसनांचं विमान एका मार्गावर दुसऱ्याच्या अंगणात, आणि ज्या मार्गावर ते भरलं असतं तिथे लहान विमान.

२०१८: परत सिंगापूर, आणि पर्थ

३१ ऑगस्ट २०१७ रोजी क्वांटासने जाहीर केलं की सिडनी–लंडनचं ए-३८० पुन्हा सिंगापूरमार्गे जाईल. मेलबर्न–लंडनचं विमान पर्थमार्गे, बोइंग ७८७-९ ने जाणार, हे डिसेंबर २०१६ मध्येच जाहीर झालं होतं. पर्थहून लंडनला विनाथांबा, १४,४९८ किलोमीटर, सुमारे सतरा तास. पहिलं विमान २४ मार्च २०१८ च्या संध्याकाळी पर्थहून निघालं आणि २५ तारखेला पहाटे पाचच्या सुमारास हीथ्रोला उतरलं. पुन्हा तोच शेवटचा रविवार.

याकडे निव्वळ विक्रम म्हणून पाहिलं तर मुख्य मुद्दा निसटतो. पर्थ ऑस्ट्रेलियाच्याच मातीवर आहे. म्हणजे थांबा क्वांटासच्या स्वतःच्या घरात आला. मेलबर्नचा प्रवासी पर्थला थांबतो, आणि त्याच टर्मिनलमधून देशातल्या इतर शहरांतले प्रवासीही त्या विमानात चढू शकतात. टोकाच्या कंपनीला स्वतःचं मधलं शहर मिळालं, लहानसं का होईना. ७८७ मध्ये आसनं फक्त २३६. त्यांतली ४२ बिझनेस आणि २८ प्रीमियम इकॉनॉमी. स्वस्त तिकिटाचा प्रवासी दुबई किंवा दोह्याला जाणारच, हे मान्य करून विमान सजवलेलं आहे. वेळेसाठी जास्त पैसे मोजणारा प्रवासी पकडायचा, हा हेतू आसनांच्या मांडणीतच दिसतो.

एमिरेट्सशी करार मात्र तुटला नाही. आयोगाने तो २०१८ मध्ये आणखी पाच वर्षांसाठी आणि २०२३ मध्ये पुन्हा मंजूर केला. क्वांटासची स्वतःची विमानं दुबईला थांबेनाशी झाली, पण दुबईमार्गे युरोपभर तिकिटं विकणं चालूच राहिलं. हबचा फायदा उरला, विमान गुंतवण्याचा खर्च गेला. २०१३ चा निर्णय बरोबर होता असं मी म्हणतो ते यासाठी: कंपनीने पडत्या काळात दुसऱ्याचा हब वापरला आणि हातात योग्य विमान येताच स्वतःची विमानं काढून घेतली.

किंमत कोणी मोजली? फ्रँकफर्ट गेल्यापासून २०२२ च्या जूनमध्ये पर्थ–रोम सुरू होईपर्यंत, नऊ वर्षं, क्वांटासची नियमित उड्डाणं युरोपात फक्त लंडनला जात होती. आणि मधल्या हबची जी कंपनी एरवी स्पर्धक असते तीच भागीदार झाली, की तिसऱ्या स्पर्धकाला आत येऊ न देण्यात टोकाच्या कंपनीचं हित आणखी घट्ट होतं.

ते २०२३ मध्ये उघड दिसलं. कतार एअरवेजला ऑस्ट्रेलियाच्या चार मोठ्या शहरांना आठवड्याला २८ उड्डाणांची मुभा होती. आणखी २८ मागितली, जुलै २०२३ मध्ये सरकारने नाकारली. क्वांटासचा त्या वाढीला विरोध होता. सिनेटची चौकशी लागली. सप्टेंबरच्या सुरुवातीला जॉइस ठरलेल्या मुदतीआधी पायउतार झाले, अर्थात त्यामागे इतरही वाद होते. दरम्यान कतारने पळवाट शोधली होती. मर्यादा चार शहरांना होती, ॲडलेडला नव्हती. म्हणून दोहाचं एक जादा विमान मेलबर्नला उतरवायचं आणि तेच पुढे ॲडलेडपर्यंत न्यायचं, म्हणजे कागदावर ते ॲडलेडचं. परक्या कंपनीला देशांतर्गत प्रवासी घेता येत नाहीत, म्हणून मेलबर्न–ॲडलेड हा टप्पा जवळजवळ रिकामा. प्रचंड विमान, इंधन, क्रू, आणि आत मोजकी माणसं, केवळ कराराच्या एका कलमासाठी. प्रवासी महागड्या तिकिटांनी हैराण असताना असं विमान उडावं, ही धोरणाची चूक आहे, आणि ती मान्य करायला सरकारने फार वेळ लावला. २०२५ मध्ये कतारने व्हर्जिन ऑस्ट्रेलियात २५ टक्के हिस्सा घेतला, आणि तिची विमानं व्हर्जिनच्या नावाने दोहाला उडू लागली. दार बंद केलं तरी गिऱ्हाईक होतंच, त्याने खिडकी गाठली.

भारतात हाच वाद दुबईच्या आसनांवरून चालतो. दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांची मर्यादा आहे, दुबई ती वाढवून मागते आणि दिल्ली थांबवून धरते, एअर इंडियाला थेट लांब पल्ल्याची उड्डाणं उभारायला वेळ मिळावा म्हणून. मला त्यामागचा हेतू कळतो. पण क्वांटासच्या प्रकरणावरून एवढं तरी विचारायला हवं, की संरक्षणाच्या काळात कंपनी नेमकं काय उभारते आहे आणि तोवर मुंबईचा प्रवासी भाड्यात किती भर घालतो आहे.

पुढचा टप्पा

करोनानंतर, नोव्हेंबर २०२१ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा बंद होती, म्हणून लंडनचं विमान काही महिने पर्थऐवजी डार्विनहून गेलं. एप्रिल २०२४ मध्ये इराणचं आकाश टाळावं लागल्यावर पर्थ–लंडनचं विमान इंधनासाठी सिंगापूरला उतरत होतं. विनाथांबा मार्ग किती काठावर चालतो ते यावरून कळतं. शंभरेक किलोमीटरचा वळसा सहज पचतो, त्याहून मोठा वळसा आला की १९४७ सारखाच इंधनासाठी थांबा.

मे २०२२ मध्ये क्वांटासने सिडनी–लंडन आणि सिडनी–न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाणांसाठी बारा एअरबस ए-३५०-१००० मागवली. मागे २०,००० लिटरची जादा टाकी आणि आसनं फक्त २३८. २०१९ मध्ये लंडन–सिडनीचं चाचणी उड्डाण १९ तास १९ मिनिटांचं झालं होतं. कंपनीची योजना २०२७ मध्ये प्रवासी सेवा सुरू करण्याची आहे.

मी वर मांडलेला हिशेब इथे लावून पाहिला. जाताना वाऱ्याविरुद्ध २०-२१ तास, येताना १९-२०. सिडनीहून संध्याकाळी सातला निघालेलं विमान लंडनला सकाळी सहाला पोहोचेल. तिथून सकाळी दहाला परत काढलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास सिडनी, आणि संध्याकाळी सातला पुढची फेरी. ४८ तासांत फेरी पूर्ण, रोजच्या उड्डाणाला तीनऐवजी दोनच विमानं. पण त्यात दोन्ही टोकांना मिळून सातेक तास मोकळे राहतात. लंडनला धुकं पडलं आणि विमान चार तास उशिरा सुटलं, की सिडनीहून त्या रात्रीचं विमान अकराच्या कर्फ्यूला टेकतं, आणि ते चुकलं तर २३८ प्रवासी सकाळपर्यंत हॉटेलात. तीन विमानं लावली तर उसंत मिळते, पण मग बारा विमानांतून न्यूयॉर्क आणि मेलबर्नला किती उरतात, हा प्रश्न उभा राहतो. वेळापत्रक विभागाचं काम आता तिथे अडलेलं असणार.